थर्ड डिग्री डिप्रेशन

सभागृहात बसलेल्या एकालाही हात वर करावासा वाटला नाही.

समोर वरिष्ठ डॉक्टर गेर्ट पोस्टेल बोलत होते, ऐकणारे सगळे मानसोपचारतज्ज्ञ होते. बोलण्याच्या ओघात पोस्टेल यांनी एका आजाराचं नाव घेतलं: तिसऱ्या श्रेणीचं बायपोलर डिप्रेशन. असा आजार नाही. बायपोलरचे, म्हणजे मन अतिउत्साह आणि उदासी यांत हेलकावे खातं त्या आजाराचे, प्रकार आहेत, पहिला आणि दुसरा. डिप्रेशनच्या पायऱ्या आहेत, सौम्य, मध्यम, तीव्र. श्रेणी असते ती भाजल्याच्या जखमांना, आणि आपल्याकडे थर्ड डिग्री म्हटलं की पोलीस चौकीच डोळ्यांपुढे येते. पोस्टेलने हे नाव उभ्या उभ्या रचलं होतं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि भाषण पुढे सरकलं.

हा किस्सा त्याने स्वतःच नंतर जगाला सांगितला, जर्मन वृत्तपत्रांनी तो पुन्हा पुन्हा छापला. सांगणारा व्यवसायाने थापाड्या आहे, तेव्हा थोडी फोडणी पदरची असणार असं धरून चालू. पण बाकीचा तपशील कोर्टात सिद्ध झालेला आहे. जर्मनीतल्या त्शाद्रास गावच्या मनोरुग्णालयात पावणेदोन वर्षं वरिष्ठ मानसोपचारतज्ज्ञ म्हणून वावरलेल्या या माणसाने वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलीच नव्हती. त्याचं प्रशिक्षण पोस्टमनचं होतं. आडनाव पोस्टेल आणि धंदा पोस्टाचा, हे मी जुळवलेलं नाही.

त्या गावाची गंमत सांगायला हे लिहितो आहे, पण मला खरा रस पोस्टेलमध्ये नाही. थापाडे सगळीकडे असतात. मला रस आहे तो त्या न उचललेल्या हातांमध्ये.

आधीचा प्रयोग

पोस्टेलचा जन्म १९५८ चा, ब्रेमेन शहरातला. शाळा जेमतेम, मग पोस्टातली उमेदवारी. १९८२ साली, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेवरच्या फ्लेन्सबर्गमध्ये सरकारी आरोग्य कार्यालयात उपआरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाला. नाव लावलं डॉ. डॉ. क्लेमेन्स बार्टोल्डी. दोनदा डॉक्टर, कारण जर्मनीत दोन पदव्या असतील तर दोन्ही नावाआधी लावायची रीत आहे: एक वैद्यकाची, एक तत्त्वज्ञानाची. खोटंच बोलायचं तर एकावर का थांबा?

फ्लेन्सबर्ग हे नाव प्रत्येक जर्मन वाहनचालकाला पाठ असतं. सिग्नल तोडला, वेग वाढवला की तुमच्या नावावर जे गुण चढतात त्यांची देशभराची नोंदवही याच शहरात ठेवलेली असते. साऱ्या देशाच्या चुका जिथे टिपल्या जातात, तिथेच एका अधिकाऱ्याची पदवी तपासायची राहून गेली.

काही महिने सुरळीत गेले. मग त्याचं पाकीट हरवलं आणि ज्याला सापडलं त्याने ते प्रामाणिकपणे जमा केलं. आत दोन नावांची कागदपत्रं. १९८३ मध्ये बार्टोल्डी संपला, १९८४ मध्ये कोर्टाने बनावट कागदपत्रं आणि फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली, पण ती स्थगित ठेवली. तुरुंग टळला. वृत्तपत्रांत बातम्या झाल्या, लोक हसले. फ्लेन्सबर्गच्या लोकांच्या मात्र पोस्टेल हे नाव लक्षात राहिलं. हे पुढे कामाला येणार आहे.

त्शाद्रास

आता गाव. त्शाद्रास हे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातलं खेडं, कोल्डिट्झच्या शेजारी. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना ज्या किल्ल्यात कैद करून ठेवत, तोच हा कोल्डिट्झ. किल्ल्यातून पळून जाण्याच्या इथल्या युक्त्या प्रसिद्ध आहेत, त्यामुळे हा परिसर वेशांतराला नवखा नव्हता म्हणायचं. खेड्यात मोठं असं एकच: मनोरुग्णालय.

१९९५ चा नोव्हेंबर. बर्लिनची भिंत पडून सहा वर्षं, जर्मनी एक होऊन पाच वर्षं झालेली. पूर्वेकडचे डॉक्टर जास्त पगारासाठी पश्चिमेला निघून चालले होते. उलट दिशेने कोणी आलं तर त्याचं स्वागत जावयासारखं होई. पश्चिमेचा माणूस, अस्खलित बोलणारा, कपडे नीट, उत्तरं तयार. त्यातून रुग्णालयाला वरिष्ठ डॉक्टर हवा होता. आणि पोस्टेल फोनवर आवाज बदलून स्वतःचीच शिफारस करण्यात पटाईत होता. कुठल्याशा विद्यापीठातले 'प्राध्यापक' आपल्या हुशार सहकाऱ्याबद्दल दोन चांगले शब्द बोलत, आणि तोच सहकारी नंतर मुलाखतीला हजर होई.

मुलाखतीत त्याला विचारलं, तुमच्या डॉक्टरेटचा विषय काय? तो म्हणाला, विकृतीच्या थराला गेलेली खोटं बोलण्याची सवय, म्हणजे प्स्यूडोलॉजिया फँटॅस्टिका, थॉमस मान यांच्या कादंबरीतल्या फेलिक्स क्रुल या पात्राच्या आधारे. जर्मन वाचकाला क्रुल कोण हे सांगावं लागत नाही. जर्मन साहित्यातला सर्वांत लाडका भामटा. थोडक्यात, समितीपुढे बसून या गृहस्थाने आपला कबुलीजबाब प्रबंधाचं शीर्षक म्हणून वाचून दाखवला. समितीला विषय आवडला. नोकरी मिळाली.

आणि या वेळी त्याने नाव बदललं नव्हतं. गेर्ट पोस्टेल हेच खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने कनिष्ठ डॉक्टरची जागा मागितली नाही. जर्मन रुग्णालयातली उतरंड अशी: खाली शिकाऊ सहायक डॉक्टर, मग तज्ज्ञ, मग वरिष्ठ, सर्वांत वर प्रमुख. सहायकाला रक्त काढावं लागतं, रात्रपाळी करावी लागते, पहाटे तीनला कोणाची छाती दुखायला लागली तर धावावं लागतं. तिथे पोस्टमन पहिल्या आठवड्यात उघडा पडला असता. वरिष्ठाने राउंड घ्यायचा, खालचा डॉक्टर केस सांगतो ते भुवया किंचित उंचावून ऐकायचं, "बरं, आणि तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचं, आणि जे उत्तर येईल त्याला "मीही त्याच दिशेने विचार करत होतो" म्हणायचं. वरची खुर्ची जितकी मोठी, तितकं कमी करून दाखवावं लागतं. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

(संवाद माझे आहेत. पण पद्धत हीच असणार, दुसरी शक्यच नाही.)

मान डोलावण्याचं शास्त्र

पोस्टेल त्शाद्रासला येण्याच्या वीसहून अधिक वर्षं आधी अमेरिकेत याच गोष्टीचा रीतसर प्रयोग झाला होता. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्याचे शिक्षक अशा मंडळींपुढे 'डॉ. मायरन फॉक्स' नावाच्या पाहुण्याचं व्याख्यान ठेवलं. विषय होता गणितातला गेम थिअरी आणि वैद्यकीय शिक्षण. डॉ. फॉक्स हा एक अभिनेता होता. त्याला विषयाचं ओ की ठो ठाऊक नव्हतं. एका लोकप्रिय विज्ञान मासिकातल्या लेखावरून त्याला भाषण तयार करून दिलं होतं आणि सूचना अशी की बोलण्यात मुद्दाम परस्परविरोधी वाक्यं, नवे रचलेले शब्द, विनोद आणि निरर्थक संदर्भ पेरायचे. श्रोत्यांनी नंतर भरलेल्या प्रश्नावलीत व्याख्यानाला चांगले गुण दिले. एकाने तर या गृहस्थांचं लिखाण आपण आधी वाचलं आहे असंही नोंदवलं. १९७३ साली हा प्रयोग छापून आला आणि तेव्हापासून 'डॉक्टर फॉक्स परिणाम' हे नावच रूढ झालं.

श्रोते मूर्ख होते असा याचा अर्थ लोक काढतात. मला तसं वाटत नाही. मी स्वतः काही वर्षं मुलाखतीच्या टेबलाच्या या बाजूला बसलो आहे. एकदा एका उमेदवाराने मोठ्या आत्मविश्वासाने एका पद्धतीचं नाव घेतलं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. मी डावीकडे पाहिलं, तिथले ज्येष्ठ सदस्य गंभीरपणे कागदावर काहीतरी टिपत होते. मीही टिपलं. चहाच्या वेळी त्यांनी मला हळूच विचारलं, "अहो, ते काय म्हणाला तो? मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही लिहून घेत होतात म्हणून गप्प बसलो." आम्ही दोघे एकमेकांच्या पेनावर विसंबलो होतो. उमेदवार निवडला गेला. तो चांगला निघाला, हा भाग वेगळा.

त्शाद्रासच्या सभागृहात हेच झालं असणार. प्रत्येकाने शेजारच्याचा चेहरा पाहिला. "म्हणजे काय?" विचारायला दोन शब्द लागतात, पण ते विचारणारा एका क्षणात बाकी सगळ्यांच्या खाली जाऊन बसतो, निदान त्याला तसं वाटतं. त्यात पोस्टेलची कारागिरी अशी की त्याने रचलेलं नाव पूर्ण वेडगळ नव्हतं. बायपोलर खरं, डिप्रेशन खरं, श्रेणी हा शब्द वैद्यकातलाच. तिन्ही खोलीतलं सामान ओळखीचं, फक्त घर अस्तित्वात नाही. 'गुलाबी कावीळ' म्हणाला असता तर कोणीतरी हसलं असतं.

आणि मानसोपचारात हे जास्त सोपं जातं हेही मान्य करायला हवं. हाड मोडलं तर एक्स-रे दिसतो. शल्यविशारदाचं सोंग घेतलेला माणूस पहिल्या टाक्याला पकडला जाईल. मनाच्या आजारात मात्र निदान बऱ्याच अंशी बोलण्यातून आणि निरीक्षणातून होतं. ज्याला भाषा वश आहे तो तिथे बराच काळ तरून जातो. सुटल्यानंतर पोस्टेलने पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, आणि शिकवलेली बकरीसुद्धा मानसोपचार करू शकेल असं म्हणून अख्ख्या शास्त्राला टोला मारला. मानसोपचाराला विरोध करणाऱ्या गटांनी त्याला डोक्यावर घेतलं. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. बकरी किती वेळ खुर्चीत बसू शकते, एवढंच त्याने सिद्ध केलं. खुर्चीखालचं काम बाकीचे खरे डॉक्टर आणि परिचारिका करत होत्या.

आणि रुग्ण?

हसत हसत इथपर्यंत येतो, मग पाय अडखळतो. कारण त्या दाराबाहेर रुग्ण बसलेले होते.

एक बाजू अशी: नुसतं मन लावून ऐकणाऱ्या माणसाचाही गुण येतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात हान्स स्ट्रप आणि सुझन हॅडली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. चिंता आणि उदासीने त्रासलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना अनुभवी मानसोपचारकांकडे पाठवलं, काहींना प्रेमळ म्हणून नावाजलेल्या प्राध्यापकांकडे, ज्यांनी उपचाराचं कसलंही शिक्षण घेतलं नव्हतं. सरासरी काढली तर दोन्ही गटांना सारखाच फरक पडला. मानसोपचारकांना हा निकाल कसा लागला असेल याची कल्पना करा. पण बारीक अक्षरात हेही लिहिलेलं होतं की ते विद्यार्थी गंभीर आजारी नव्हते.

त्शाद्रासमध्ये गंभीर आजारी माणसं होती. आणि वरिष्ठ डॉक्टर फक्त ऐकत नाही, तो सही करतो. पोस्टेलने कोर्टांसाठी तज्ज्ञ म्हणून अहवाल लिहिले. अमुक माणूस आपल्या कृत्याला जबाबदार आहे का, त्याला सोडावं की कोंडून ठेवावं, असल्या प्रश्नांवरचे अहवाल. न्यायाधीशांनी ते वाचले, मान्य केले. ऐकण्याने माणूस बरा होवो न होवो, सहीने त्याची वर्षं ठरतात. या प्रकरणात विनोद संपतो तो इथे, आणि पोस्टेलच्या चाहत्यांना नेमकं हेच पान उलटायची घाई असते. आपण कोणाचं वाईट केलं नाही, असं तो म्हणत आला. ते ठरवणं त्याच्या हातात नव्हतं, हीच तर तक्रार आहे.

पण पदवीवाल्यांच्या बाजूनेही फार ताठ बसू नये. याच त्शाद्रासमधून १९४० आणि ४१ साली रुग्णांना बसमध्ये बसवून पिर्ना-झोनेनश्टाइनला पाठवलं जात होतं. नाझींनी तिथे वायूच्या खोलीत १३ हजारांहून अधिक मनोरुग्ण आणि अपंग माणसं मारली. त्या यादीवर सह्या करणाऱ्या डॉक्टरांच्या पदव्या शंभर टक्के अस्सल होत्या.

पोस्टेलची आई १९७९ साली गेली, आत्महत्येने. तिच्यावर डिप्रेशनचे उपचार चालू होते, आणि त्या उपचारांनीच तिचा घात केला असं त्याचं म्हणणं आहे. या शास्त्राचा सूड घ्यायचा होता, असं तो सांगतो. खरं असेल. थापाड्याच्या तोंडचं आहे म्हणून खोटंच असेल असंही नाही. या एका वाक्यापाशी मी दर वेळी थांबतो आणि पुढे काय म्हणावं ते सुचत नाही.

तोतया

मराठीत या प्रकाराला चपखल शब्द आहे आणि तो म्हटला की पानिपत आठवतं. १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. मग सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहिला. कैदेत पडला, रत्नागिरीहून सुटला, आणि कोकणातले किल्लेदार एकामागून एक त्याच्यापुढे दरवाजे उघडत गेले. १७७६ ला त्याला पुण्यात देहान्त शिक्षा झाली. त्या किल्लेदारांना डोळे नव्हते का? होते. पण भाऊ परत यायला हवे होते. तोतया एकट्याने होता येत नाही, वाट पाहणारं कोणीतरी आधीच दारात उभं असावं लागतं. १९९५ च्या सॅक्सनीला पश्चिमेकडून आलेला सुशिक्षित, सफाईदार तज्ज्ञ हवा होता. पोस्टेल सांगतो की आर्न्सडॉर्फच्या मोठ्या रुग्णालयाचं प्रमुखपदही त्याच्यापुढे आलं होतं. आणखी एक-दोन वर्षं मिळाली असती तर तो खऱ्या डॉक्टरांच्या नेमणुका करत बसला असता.

जर्मनांकडेही जुनं उदाहरण आहे. १९०६ साली विल्हेल्म फोइग्ट या चांभाराने जुनापाना लष्करी गणवेश चढवला, रस्त्यात भेटलेले शिपाई बरोबर घेतले, बर्लिनजवळच्या कोपेनिकच्या महापौराला अटक केली आणि तिजोरी घेऊन चालता झाला. हुकूमपत्राशिवाय सगळं पार पडलं. देश खो खो हसला, कैसरने दोन वर्षांत त्याला माफ केलं. गणवेशाच्या जागी पदवी आली, एवढाच ९० वर्षांतला बदल.

पकडला कसा

ना विद्यापीठाने पकडला, ना वैद्यकीय मंडळाने, ना एखाद्या चतुर सहकाऱ्याच्या निदानाने. १९९७ च्या जुलैमध्ये रुग्णालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरच्यांनी पकडला. त्यांना फ्लेन्सबर्गचं प्रकरण आठवत होतं. कुणकुण लागताच पोस्टेल पसार झाला आणि जवळपास दहा महिने हाताला लागला नाही. मे १९९८ मध्ये स्टुटगार्टला अटक, १९९९ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयात चार वर्षांची शिक्षा, २००१ च्या सुरुवातीला सुटका, त्याच वर्षी पुस्तक.

त्या घरातला प्रसंग कुठे लिहिलेला नाही, तो मी माझ्यापुरता रचला आहे. जेवणं चालली आहेत. नव्या साहेबांचं कौतुक चाललं आहे, किती शिकलेले, किती छान बोलतात, पश्चिमेकडचे आहेत. आणि घरातल्या कोणीतरी, ज्याला बायपोलर म्हणजे काय हेही माहीत नसेल, घास हातात धरून विचारलं:

"काय नाव म्हणालात त्यांचं?"